वाळूची पोती आणि देवीचा फेरा

जत्रेत पाळणा उभा राहिला की आधी त्यात वाळूची पोती बसतात, मग माणसं. नियम एवढाच आहे. एका खुर्चीत जेवढी माणसं बसणार त्यांच्या वजनाहून थोडी जास्त वाळू भरायची, पाळणा फिरवायचा, मध्येच थांबवायचा, पुन्हा फिरवायचा. मग खुर्ची ज्या लोखंडी दांड्याला लटकते तो दांडा, त्याचं वेल्डिंग, त्याच्या पिना जवळ जाऊन बघायच्या. हे सरकारी अभियंत्यानं स्वतः समोर उभं राहून करून घ्यायचं आणि मग पाळणा चालवायला योग्य असल्याचा दाखला द्यायचा. दाखला असेल तर विमा, विमा असेल तर पोलिसांची परवानगी, परवानगी असेल तर तिकीटविक्री. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात बसून हा दाखला देणारा अभियंता मी होतो.

माझ्या दाखल्यावर चाललेल्या एका पाळण्यातून एक बाई पडली आणि गेली. शिक्षा पाळण्याच्या मालकाला झाली. वजनाची चाचणी माझ्यासमोर झाली होती असं मी कोर्टात शपथेवर सांगितलं. ती झाली नव्हती. त्या दिवशी मी त्या गावात पाऊलही टाकलं नव्हतं.

आता सुरुवातीपासून लिहितो.

आमच्याकडे जत्रांचा हंगाम संक्रांतीला सुरू होतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. एका गावचे तंबू उठले की दुसऱ्या गावात ठोकले जातात. पाळणेवाले सगळा पाळणा सुटा करून ट्रकमध्ये घालतात, पुढच्या गावी नेतात, पुन्हा जोडतात. जितक्या वेळा जोडला तितक्या वेळा तपासायचा. कागदावर हे बरोबरच आहे, कारण जोडताना आणि सोडताना लोखंड ठोकून घेतलं जातं आणि त्यातच ते थकतं. पण जिल्हा मोठा, जीप एक आणि तपासणारे आम्ही दोघं. तरीही पहिली काही वर्षं मी नेमानं जायचो. धूळ खात जायचो, पोती मोजून घ्यायचो, शिडीवर चढायचो. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "साब, तुम पाळणा पास करते के पाळणा तुमको पास करता?" मला शिडीवर चक्कर यायची, त्यावरून.

अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या देवीची जत्रा मोठी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाळणा उभा होता, रंग नवा होता, वास येत होता. मालक दुधनीचा. माझ्याच वयाचा, बुटका, हसरा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. बायको तिकिटाच्या खिडकीत बसायची. मी म्हटलं, "मालक, पोती कुठायत?"

तो नुसता हसला आणि त्यानं गावच्या पंच मंडळींकडं बघितलं. त्यातले एक म्हातारे पुढं आले.

"साहेब, पाळण्यात पैला फेरा देवीचा. पालखी येणार, नारळ आन् खण खुर्चीत बांदणार, देवी एकटी बसून फिरणार. मग मानसं. त्याच्या आदी ओझं चडवायचं न्हाई."

"वाळूच आहे हो. माणसं नाहीत."

"वाळू म्हंजे ओझंच की. तुमच्या घरात निवद दाखवायच्या आदी कुनी ताटात हात घालतं का?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, ठीक आहे, देवीचा फेरा झाला की लगेच पोती लावू. पालखी आली, हलगी वाजली, हिरवा खण आणि नारळ एका खुर्चीत बांधला, रिकामा पाळणा सावकाश फिरला. वर गेलेला नारळ खाली येईपर्यंत सगळं मैदान हात जोडून उभं होतं. मला ते आवडलं, हे खोटं नाही. आणि नारळ खाली आला त्याच क्षणी माणसं तुटून पडली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे खुर्च्यांकडं धावले. मी ओरडलो, थांबा, अजून तपासणी आहे. फौजदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच थांबवून दाखवा यांना. माझ्याकडं चार काठ्या आहेत."

मी थांबवलं नाही. बाजूला उभा राहून पाळणा फिरताना बघितला. आवाज ठीक होता. सोलापूरला येऊन दाखल्यावर लिहिलं, वजनाची चाचणी घेतली, समाधानकारक.

त्या भागात बऱ्याच गावांत हाच रिवाज निघाला. कुठं देवी, कुठं पीर, कुठं महाराजांच्या पादुका, पण पहिला फेरा रिकामा. पुढच्या वर्षी मी वाद घातला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोती आणायलाच सांगितली नाहीत. मग कधीतरी मी जाणंही सोडलं. मालकाचा फोन यायचा. मी विचारायचो, "देवीचा फेरा झाला का?"

"झाला साहेब. आयतु."

"मग झाली चाचणी. देवी पास तर पाळणा पास."

हे वाक्य माझं. मी ते गमतीनं म्हणालो आणि ते इतकं सोयीचं होतं की कार्यालयात सगळेच म्हणू लागले. शिपाईसुद्धा फाइल पुढं सरकवताना म्हणायचा.

विमा आधी कुणी विचारत नव्हतं. मग कुठंतरी मोठा अपघात झाला, वरून पत्रं आली आणि पॉलिसीशिवाय परवानगी बंद झाली. पाळणेवाले कुरकुरले. या मालकानं मात्र पहिल्याच वर्षी पॉलिसी काढली आणि ती प्लॅस्टिकमध्ये घालून तिकिटाच्या खिडकीला लावली. देवीच्या फोटोशेजारी. मला म्हणाला, "आता दोन देव झाले, साहेब. एक वर बसून बघतो, एक पडल्यावर बघतो." त्या पॉलिसीत बारीक अक्षरात एक अट होती. प्रत्येक ठिकाणी पाळणा जोडल्यावर नियमाप्रमाणे वजनाची चाचणी झालेली असली पाहिजे, नाहीतर विमा लागू नाही. ती अट त्यानं वाचली नसेल. मी वाचली होती.

ती बाई पडली त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी त्याची बायको कार्यालयात आली. मी दाखला तयारच ठेवला होता. त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून सही केली होती.

ती म्हणाली, "तुमी येणार न्हाई व्हय, साहेब?"

"देवी येणार आहे की," मी म्हणालो.

ती हसली नाही. कागद पदराखाली धरून गेली.

मी गेलो नाही त्याचं कारण असं की दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या तेव्हा फोन वाजला. मी तिथंच सगळ्यांसमोर विचारलं, देवीचा फेरा झाला का, आणि माझं ते वाक्य म्हणालो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे काय? मी समजावून सांगितलं. सगळे खूप हसले. घर मोकळं झालं. त्याच बैठकीत लग्न ठरलं. मुलगी सुखात आहे. पण तिच्या घरी गेलो आणि कुणी पोह्यांची बशी हातात दिली की मला तो फोन ऐकू येतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, जत्रा संपता संपता, दुपारी खुर्चीचा दांडा तुटला. खुर्ची एका बाजूला लोंबली. आतल्या दोघी कठड्याला धरून राहिल्या, तिसरी सुटली. ती माहेरी जत्रेला आली होती. सोलापुरात विड्या वळायची. तिची दोन लहान मुलं खाली आजीजवळ उभी होती. हे मला पेपरात वाचून कळलं.

पोलीस ठाण्याच्या आवारात तो दांडा ठेवला होता. ओळख पटवायला मला बोलावलं. मी वाकून तुटलेली जागा बघितली. अर्धा भाग ताजा, चकचकीत होता. अर्धा काळपट, गंज चढलेला. म्हणजे चीर जुनी होती. मालक दर हंगामाआधी हौसेनं पाळणा रंगवायचा आणि चीर त्या रंगाखाली झाकली गेली होती. त्या खुर्चीत वाळू भरली असती तर दांडा वाळूखाली तुटला असता. पोतं फुटलं असतं. मैदानात वाळू सांडली असती आणि मालकानं मला शिव्या दिल्या असत्या. मी हे तिथं उभ्या उभ्या ओळखलं आणि ठाण्यातून बाहेर येऊन उसाचा रस प्यालो.

विमा कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला. सभ्य, मृदू बोलणारा. घरी आला, चहा घेतला. म्हणाला, "साहेब, चाचणी झाली नसेल तर कंपनी काही देणं लागत नाही. झाली असेल तर त्या मुलांना मिळेल. तुमच्या सांगण्यावर आहे."

मी म्हणालो, झाली.

खोटं बोलून वर पुण्यही पदरात पडावं, अशी सोय माणसाला क्वचित मिळते. मला मिळाली. मी स्वतःला सांगितलं, आपण त्या मुलांसाठी बोललो. नोकरी वाचली ती आपोआप.

पण कागद एका जागी राहत नाही. पोलिसांनी तोच धागा धरला. चाचणीत पाळणा ठणठणीत होता, मग नंतरच्या दिवसांत मालकानं देखभाल केली नाही, म्हणून तुटला. सरकारी वकिलांनी कोर्टात हेच मांडलं. मी साक्षीला उभा राहिलो. चाचणी तुमच्यासमोर झाली का? हो. सगळं ठीक होतं का? हो. दांड्यावरच्या गंजाबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही.

मग न्यायाधीशांनी मालकाला विचारलं, या साक्षीदाराच्या म्हणण्यावर तुम्हाला काही सांगायचं आहे का? मी मागच्या बाकावर बसलो होतो. आता तो बोलणार, साहेब आलेच नव्हते म्हणणार.

तो म्हणाला, "खरं हाय. चाचणी झाली की."

मला वाटलं, यानं मला वाचवलं. का वाचवलं ते कळेना. पुढं त्याचं काही काम पडलं तर करू, असं मी मनात म्हटलं आणि मागच्या दारानं निघालो. तो काही काळ तुरुंगात राहून आला. पाळणा ठाण्याच्या आवारात पडून गंजला आणि मग भंगारात गेला. मुलांना विम्याचे पैसे उशिरा का होईना मिळाले. मी निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या कामाचं कौतुक झालं.

इथवर मी गप्प राहू शकलो. पुढचं घडलं नसतं तर कदाचित मरेपर्यंत गप्प राहिलो असतो.

खात्यानं नव्या अभियंत्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं. नियम आता कडक झालेत, चाचणीचे फोटो मोबाइलवरून तिथल्या तिथं पाठवावे लागतात. अनुभवी माणूस म्हणून मला बोलायला बोलावलं. मी वाळूच्या पोत्यांवर बोललो. कोणती चीर कुठं शोधायची ते फळ्यावर काढून दाखवलं. शेवटी एक मुलगी उठली. नुकतीच नोकरीला लागलेली, चुणचुणीत.

"सर, सीमेकडच्या गावांत देवीच्या फेऱ्याआधी पोती चढवू देत नाहीत. आणि नंतर लोक ऐकत नाहीत. मग आमच्यातले काहीजण त्या फेऱ्याचाच फोटो पाठवतात. ऑफिसात म्हणतात ना, देवी पास तर पाळणा पास."

सगळी खोली हसली.

मी विचारलं, "असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, सर. जुनं आहे ते."

ती उत्तराची वाट बघत उभी होती. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "फोटो स्पष्ट काढत जा." पुन्हा हशा झाला.

त्यानंतर मात्र मला घरात बसवेना. मी कार्यालयात गेलो, सध्याच्या साहेबांना भेटलो आणि जे झालं ते सांगितलं. लिहून देतो म्हणालो. त्यांनी दार लोटून घेतलं. "सर, प्रकरण बंद झालंय. उघडलं तर पहिल्यांदा विमा कंपनी त्या मुलांच्या मागं लागेल, पैसे परत द्या म्हणून. तुम्हाला ते हवंय का?" मग म्हणाले, "आणि या वयात कशाला?" मी उठून आलो.

राहिला होता तो एकच माणूस. निदान त्याला तरी कळावं की त्या बाईचं मरण त्याच्या हातून घडलेलं नाही. एवढं एक जरी झालं तरी पुरे, असं मनाशी धरून मी एसटीनं दुधनीला गेलो. मैंदर्गीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. उतरलो नाही.

घर अडत बाजाराच्या मागं. तो दारातच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. बायको आत तूर निवडत होती.

"कोन?" मग त्यानं ओळखलं. "साहेब! बर्री, बर्री, या. अगं, साहेब आले की! तुमी पन म्हातारे झाला व्हय? मला वाटलं, सरकारी मानूस म्हातारा व्हत न्हाई, नुसता रिटायर व्हतो."

"उठू नका, मालक."

"आता कसला मालक. पाळण्याबरूबर मालक पन भंगारात गेला."

चहा आला. त्यानं घेतला नाही. मंगळवार होता, तो उपास धरतो, पाणीसुद्धा संध्याकाळी. मी विचारलं, देवीचा का? म्हणाला, व्हय, पन देवळात जात न्हाई. अपघातापासून त्यानं देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता.

"का?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? देवी बसली, फिरली, पाळणा पास करून गेली. मग तुटला कसा? माजंच चुकलं. त्या साली खण नवा न्हवता, साहेब. आदल्या सालचा घरात व्हता. ही म्हनली, नवा आनू. मीच म्हनलो, एवड्याला कशाला. तोच बांदला. देवीला जुनं नेसवलं आन् बाई त्या पोरांची गेली."

इतकी वर्षं हा माणूस एका खणापायी खुनी होऊन बसला होता. मी खुर्ची जवळ ओढली.

"मालक, नीट ऐका. खणाचा काही संबंध नाही. दांडा आधीच चिरलेला होता, रंगाखाली. पोती लावली असती तर तेव्हाच कळलं असतं. लावून घेणं माझं काम होतं. मी आलोच नव्हतो. कोर्टात मी खोटं बोललो."

त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "तुमी कशाला यायचं? देवी आली व्हती की. चाचणी झाली."

"देवीचा फेरा म्हणजे चाचणी नव्हे."

"तुमीच म्हनायचा की, साहेब. देवी पास तर पाळणा पास."

कोर्टात त्यानं मला वाचवलं नव्हतं. त्याला विचारलं होतं, त्यानं खरं ते सांगितलं होतं. त्याच्या लेखी चाचणी झाली होती.

"ते मी चेष्टेनं म्हणायचो," मी म्हणालो.

त्याचा चेहरा आक्रसला. "यप्पा. देवीची चेष्टा? असं बोलू नका. तुमाला लेकरंबाळं हायत."

आतून त्याची बायको म्हणाली, "अवो, साहेब सांगायलेत ते खरं हाय. दाखला आदल्या दिशी मीच आनला की टेबलावरनं. हे कुटं आले व्हते?"

"तू गप. खण तू बांदलीस म्हनून बोलतीस."

"बघा साहेब," ती तुरीतून मान वर न करता म्हणाली. "रोजचं हाय हे."

मी तिला विचारलं, "तुम्ही कोर्टात का नाही बोलला?"

"मला कुनी इचारलं?"

मी पुन्हा समजावलं. दांड्याचं, गंजाचं, चिरेचं. बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू दया येत गेली. माझ्याबद्दल.

"साहेब, तुमचं मन लई मोठं हाय," तो म्हणाला. "एवड्या लांब आला, माजं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला. पन असं खोटं बोलून माजं पाप फिटत न्हाई."

खरं सांगायला आलो तेव्हा मी त्याच्यासमोर खोटा ठरलो. आणि खोटं सांगितलं होतं ते त्याच्या घरात देवाशेजारी जाऊन बसलं होतं.

निघालो तेव्हा तो बायकोच्या खांद्याला धरून उठला. नको म्हटलं तरी दारापर्यंत आला. एकच हात चालत होता, तो कपाळाला लावून म्हणाला, "माज्यापायी तुमाला पन कोर्टात उबं राहायला लागलं. तुमच्या नावाला पन लागलं. माफी करा, साहेब."

त्याची बायको माझ्याकडं बघत होती. एसटीचा भोंगा वाजला.

मी म्हणालो, "असू दे."